पी-फिफ्टी

गॅस काढणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या ऑफिसात जा, रिझर्व्हॉयर खात्याच्या कोपऱ्यात हा माणूस सापडतोच. समुद्राच्या तळाखाली दोन-अडीच किलोमीटरवर किती गॅस उरलाय हे सांगण्याचा त्याला पगार मिळतो, आणि उभ्या नोकरीत त्याने ते कोणालाही सांगितलेलं नसतं. म्हणजे बोलतो भरपूर. आकडेही देतो. पण मागितला एक तर देतो तीन, आणि तिन्हींच्या खाली बारीक अक्षरांत दीड पान अटी.

आमच्याकडे त्याला पी-फिफ्टी म्हणतात. हे लोक उरलेला साठा तीन आकड्यांत सांगतात. पी-नाइन्टी म्हणजे निदान इतका तरी निघेल याची शंभरात नव्वद खात्री; अर्थात हा आकडा सगळ्यांत लहान. पी-टेन म्हणजे इतका निघण्याची शंभरात दहाच खात्री. हा सगळ्यांत मोठा. पी-फिफ्टी मधला. कर्ज देणारी बँक पी-नाइन्टी बघते, चेअरमनसाहेब भाषणाआधी पी-टेन बघतात, आणि ज्या मधल्या आकड्यावर याने अख्खं वर्ष घातलेलं असतं त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

मी हिशेब खात्यातला, त्यामुळे माझी आणि त्याची गाठ दर मार्चअखेरीस ठरलेली. प्लॅटफॉर्म, विहिरी, पाइपलाइन यांत घातलेले हजारो कोटी रुपये दरवर्षी थोडे थोडे खर्ची टाकायचे असतात. त्याचं गणित साधं आहे: वर्षभरात काढलेला गॅस भागिले वर्षाच्या सुरुवातीला उरलेला गॅस. अंश माझ्याकडे असतो, मीटरवरून आलेला, दशांशासकट. छेद त्याच्याकडे.

"साहेब, आकडा?"

"कुठला?"

"उरलेल्या गॅसचा."

"उरलेला म्हणजे जमिनीत उरलेला, की काढता येईल असा उरलेला, की काढायला परवडेल असा उरलेला?"

"तक्त्यात लिहितात तो."

"तक्ता कोणासाठी आहे?"

"ऑडिटरसाठी."

"मग बसा. चहा मागवतो."

हा चहा येईपर्यंत एक तास जातो आणि आकडा येईपर्यंत एप्रिल उजाडतो. त्याच्या शर्टाच्या खिशात एचबी पेन्सिल आणि खोडरबर असतं. पेनने लिहिलेला आकडा मी त्याच्या टेबलावर कधी पाहिला नाही. सही तेवढी पेनने, तीही ‘ड्राफ्ट’ शिक्क्याच्या खाली. वाक्याची सुरुवात ‘असं धरून चालू’ने होते आणि शेवट ‘पुढचं प्रेशर आल्यावर बघू’ने. मधे जे काही असतं ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

टेबलावरच्या कागदांवर वजन म्हणून तो एक दगड ठेवतो. हा कोअर, म्हणजे विहीर खोदताना अखंड कापून वर काढलेल्या खडकाचा तुकडा. त्यातून पुन्हा प्रयोगशाळेसाठी कापलेला दीड इंच जाडीचा दंडगोल. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली चुनखडीचा जो थर भूशास्त्राच्या पुस्तकांत वसईच्या नावाने नोंदलेला आहे, त्यातला. (वसईकरांना केळी माहीत, किल्ला माहीत, आपल्या नावाचा हा थर किती जणांना माहीत असेल, कोण जाणे.) नवा माणूस खात्यात आला की पी-फिफ्टी तो दगड त्याच्या हातात देतो आणि भिंग पुढे करतो. एका टोकाला सुईने टोचावीत तशी बारीक भोकं. दुसऱ्या टोकाला करंगळीचं पेर जाईल एवढी पोकळी, आतून स्फटिकांनी चमकणारी. आणि मधला भाग ठार भरीव, भिंगाखालीही मख्ख.

"आता सांगा, यात किती टक्के जागा मोकळी आहे?"

नवा माणूस काहीतरी सांगतो.

"कुठल्या टोकाची सांगितलीत?" आणि मग, दगड जागेवर ठेवत, "हा एवढासा तुकडा. फील्ड किती चौरस किलोमीटर आहे ते ठाऊक आहे ना?"

तसं सूत्र शाळकरी आहे. फील्डचं क्षेत्रफळ, गुणिले थराची जाडी, गुणिले खडकातली मोकळी जागा, गुणिले त्या जागेतला पाण्याखेरीजचा हिस्सा. खाली दाबाखाली असलेला गॅस वर आल्यावर किती पट फुगतो त्याने शेवटी गुणायचं, झालं. पी-फिफ्टीचं म्हणणं एवढंच, की यातली एकही गोष्ट कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पहिले चार आकडे प्रत्येकी दहा टक्के जास्त धरले गेले तर उत्तर 46 टक्क्यांनी फुगतं. तेच चार दहा-दहा टक्के कमी धरले गेले तर 34 टक्क्यांनी आक्रसतं. म्हणजे आपण सगळे आपापल्या परीने ‘दहा टक्के इकडे-तिकडे’ म्हणणारी भली माणसं, आणि गुणाकार झाला की एका टोकाचा आकडा दुसऱ्या टोकाच्या दुपटीहून जास्त. हे तो मला दरवर्षी करून दाखवतो. कॅल्क्युलेटरही माझाच वापरतो.

त्यात फील्ड सरळ असतं तरी एक वेळ निभलं असतं. आमच्या फील्डच्या पहिल्या नकाशावर दोन-तीन फॉल्ट होते, म्हणजे खडक जिथे तुटून वर-खाली सरकलाय अशा रेघा. मग सिस्मिक सर्व्हे सुधारला, कॉम्प्युटर सुधारले, दर नव्या सर्व्हेत नव्या भेगा निघाल्या, आणि आज तो नकाशा हातातून पडलेल्या पापडासारखा दिसतो. भूशास्त्रज्ञ बाई तो भिंतीवर लावतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कर्तृत्वाचा आनंद असतो. पी-फिफ्टीच्या चेहऱ्यावर जप्तीची नोटीस आल्याचा भाव.

"मॅडम, ही भेग बंद आहे की गळकी?"

"ते नकाशावरून नाही सांगता येत."

"आणि नकाशावर न दिसणाऱ्या?"

"त्या तर दिसतच नाहीत ना, सर."

या संवादावर सगळं अडलेलं असतं. भेग गळकी असेल तर पलीकडच्या तुकड्यातला गॅस आपल्या विहिरीत चालत येईल. बंद असेल तर तो तुकडा आहे तिथेच राहील आणि तिथवर पोचायला नवी विहीर लागेल. समुद्रात एका विहिरीला इतका खर्च येतो की तो आकडा ऐकल्यावर आमच्या खात्यात कोणी काही बोलत नाही.

मग एकच उपाय उरतो, तो म्हणजे प्रेशर. विहीर काही दिवस बंद ठेवायची, तळाचा दाब स्थिर होऊ द्यायचा आणि तारेवरून गेज खाली सोडून तो मोजायचा. पी-फिफ्टीचा खरा पराक्रम बघायचा तर या वेळी. प्रॉडक्शन खात्याच्या साहेबांना विहीर बंद ठेवा म्हणून सांगणं म्हणजे काय, ते त्या मीटिंगला बसल्याशिवाय कळत नाही.

"72 तास."

"72 तास? रोजचं टार्गेट कोण भरणार?"

"गॅस कुठे जात नाही, साहेब. खालीच आहे."

"किती आहे?"

"तेच मोजायचंय."

परवानगी मिळते. चाळीस तासांनी साहेबांचा पहिला फोन येतो, झालं का म्हणून. साठाव्या तासाला दुसरा. बहात्तराव्या तासाला गेज वर येतं, आलेख काढला जातो, आणि दाब अजून चढतच असतो. खडक घट्ट असला की गॅस विहिरीकडे मुंगीच्या पावलाने येतो, स्थिर व्हायला त्याला आठवडेही लागतात. पी-फिफ्टी आलेखाकडे बघत अतिशय हळू आवाजात म्हणतो, "अजून चार दिवस मिळाले तर..." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज येतो.

मिळाला तो दाब घेऊन तो त्याला झेड नावाच्या एका गुणकाने भागतो. खरा गॅस पुस्तकातल्या आदर्श गॅससारखा वागत नाही, त्याची ती दुरुस्ती. मग आलेखाच्या कागदावर, आजवर काढलेल्या गॅसच्या समोर, एक बिंदू. वर्षाला एक असे बिंदू त्याने पेन्सिलीने मांडत आणलेत. सिम्युलेशनची सॉफ्टवेअर आली, त्यांचे परवाने लाखांनी विकत घेतले, पण हा कागद ड्रॉवरमध्ये आहे तो आहेच. फील्ड एकसंध आणि बंदिस्त असेल तर हे बिंदू सरळ उतरत्या रेषेत येतात. रेषा पुढे वाढवायची, खालच्या अक्षाला जिथे टेकेल तिथे मूळचा एकूण गॅस. काढलेला वजा केला की उरलेला हातात. एवढं सुंदर गणित मी हिशेबातही पाहिलं नाही.

आमची रेषा वाकते. सुरुवातीचे बिंदू भरभर उतरतात, पुढचे अंग टाकून आडवे होऊ बघतात. याचं एक कारण असं असू शकतं, की भेगांपलीकडच्या तुकड्यांतला गॅस हळूहळू येऊन मिळतोय. म्हणजे वाटलं त्यापेक्षा जास्त आहे. दुसरं कारण असं, की खालून पाणी चढतंय आणि तेच दाब टिकवून धरतंय. म्हणजे गॅस जास्त वगैरे काही नाही, उलट पाणी वर सरकताना बराचसा खडकातच अडकवून ठेवणार आणि एक दिवस विहीर गॅसऐवजी पाणी ओकणार. पहिलं असेल तर पेढे, दुसरं असेल तर खुलासा. आणि कागदावर दोन्हींचे बिंदू सारखेच दिसतात.

एकदा मोठे साहेब स्वतः खात्यात आले होते. पी-फिफ्टीने त्या बिंदूंवर पारदर्शक पट्टी ठेवली होती. साहेबांनी काही न बोलता पट्टीचं एक टोक बोटाने किंचित वर ढकललं. केसभरच. तेवढ्यात फील्डचं आयुष्य सहा वर्षांनी वाढलं. "ही रेघ जास्त बरोबर वाटते," साहेब म्हणाले. पी-फिफ्टीने वाद घातला नाही. साहेब गेल्यावर त्याने तीही रेघ काढली, तिच्यावर बारीक अक्षरांत ‘पी-टेन’ लिहिलं आणि चहा मागवला.

जेवणाच्या सुट्टीत तो कॉम्प्युटरवर पत्त्यांचा पेशन्स खेळतो. कोणी बघितलं तर स्क्रीन बदलत नाही, उलट थांबवून सांगतो की हे ऑफिसचंच काम आहे. स्टॅनिस्लाव उलाम नावाचा गणितज्ञ 1946 साली आजारातून उठत असताना पेशन्स खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काही निघेना, तेव्हा त्याच्या मनात आलं की शंभर डाव मांडावेत आणि मोजावेत. त्यातून जी पद्धत निघाली तिला जुगाराच्या गावावरून मॉन्टे कार्लो नाव पडलं. आमचा कॉम्प्युटर आता जाडी, मोकळी जागा, पाणी, सगळ्यांचे फासे हजारो वेळा टाकतो, हजारो उत्तरं काढतो, आणि त्या रांगेतून नव्वद, पन्नास आणि दहा टक्क्यांचे आकडे उचलतो. "म्हणजे पत्तेच की," मी म्हणालो. "पण पिसून," तो म्हणाला.

हा रोग घरी जातोच. मुलीच्या लग्नात केटरर विचारत होता, "काका, पानं किती धरू?"

"पी-नाइन्टी 340, पी-फिफ्टी 410, पी-टेन 520."

"मला एक आकडा द्या हो. भात लावायचाय."

"नागपूरकडच्यांचा प्रश्न आहे. ते सगळे एकाच गाडीने येणार. गाडी आली तर सत्तरच्या सत्तर, नाही आली तर एकही नाही. त्यांचं सरासरी पस्तीस धरून चालणार नाही."

हा मुद्दा अत्यंत बरोबर आहे, हे मी आज सांगतो. भेगांनी तुटलेल्या फील्डमध्येही तुकडा येतो तो सगळा, नाहीतर काहीच नाही. तिथे सरासरीला काही अर्थ नसतो. पण केटररला ते कसं पटावं? त्याने वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "साडेचारशे धरा. मठ्ठा जास्त करा." लग्न झालं, सगळे जेवले. नंतर मी पी-फिफ्टीला विचारलं, शेवटी पानं किती झाली? तो म्हणाला, "रेंजमध्ये."

याच वहिनी एकदा सहज विचारून बसल्या की सिलिंडरमध्ये गॅस किती उरलाय. चार पिढ्यांच्या बायका सिलिंडर हलवून सांगतात. याने ओलं फडकं गुंडाळलं. फडकं वरून लवकर सुकलं, खाली दमट राहिलं, म्हणजे आत द्रव तेवढ्या उंचीपर्यंत. मग पंचवीस मिनिटं व्याख्यान: घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो द्रव असतो, तो शेवटच्या थेंबापर्यंत संपत नाही तोवर दाब जवळजवळ तोच राहतो, त्यामुळे प्रेशरवरून इथे काहीच कळत नाही, आमच्या फील्डमध्ये कसं वेगळं आहे बघ. व्याख्यान संपायच्या आत दूध उतू गेलं.

त्याला बोलतं करायचं असेल तर कृष्णा-गोदावरीचं नाव काढावं. आंध्रच्या किनाऱ्यापलीकडे खोल समुद्रात 2002 मध्ये सापडलेल्या डी-6 ब्लॉकमधल्या गॅसचा 2004 चा पहिला आराखडा रोज 40 दशलक्ष घनमीटरचा होता. 2006 मध्ये तो 80 वर गेला आणि साठा 10 ट्रिलियन घनफुटांच्या घरात. एप्रिल 2009 मध्ये गॅस सुरू झाला. देशभर खतांचे कारखाने आणि वीजकेंद्रं त्या भरवशावर रांगेत उभी राहिली. वर्षभरात उत्पादन साठीच्या वर चढलं, 80 काही गाठलं नाही, आणि मग जे उतरायला लागलं ते उतरतच गेलं. विहिरींत पाणी आलं, वाळू आली. साठ्याचा आकडा 3 ट्रिलियनच्या आसपास येऊन बसला आणि तिथली दोन मुख्य फील्ड्स फेब्रुवारी 2020 मध्ये बंद झाली. सरकार म्हणालं विहिरी ठरल्यापेक्षा कमी खोदल्या. कंपनी म्हणाली खडकच अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. त्यात शेजारच्या ब्लॉकमधला गॅस सरकून इकडे आला का, यावर आणखी एक भांडण, ते लवादाकडून कोर्टात गेलं.

पी-फिफ्टी यात कोणाचीच बाजू घेत नाही. तो कागदावर समुद्रतळाखालचे जुने वाळूचे प्रवाह काढून दाखवतो, चिखलात गाडले गेलेले, एकमेकांवरून वळणं घेत गेलेले. कुठला प्रवाह कुठल्याला जोडलेला आहे आणि कुठला नुसता शेजारून गेलाय, हे वरून बघणाऱ्याला सारखंच दिसतं. "जोडलेले धरले की दहा, तुटलेले धरले की तीन," तो म्हणतो. "पुढे काय झालं ते माहीत असलेल्या माणसाला हे फार सोपं असतं." मला विचाराल तर दोष एकच आकडा मागणाऱ्यांचाही आहे, आणि मंत्रालयं, बँका, वर्तमानपत्रं, हिशेब खाती, मागणाऱ्यांत कोण नाही?

आता त्याची एक गोष्ट मात्र मला अजून पचत नाही. एका मार्चला त्याने उरलेला साठा मागच्या वर्षीपेक्षा जास्त दाखवला. वर्षभर गॅस काढला, विकला, पैसे मोजले, आणि शिल्लक वाढली! मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती आम्ही एरवी कॅशियरकडे टाकतो.

"कॉम्प्रेसर बसवला ना यंदा," तो म्हणाला. "आधी दाब एका पातळीखाली गेला की गॅस पाइपलाइनमध्ये शिरत नव्हता. आता आणखी खालच्या दाबापर्यंत ओढता येईल."

"जमिनीत तर एक घनफूटही वाढला नाही."

"जमिनीतलं तुम्ही कुठे विचारलंत? भाव वाढला तरी साठा वाढतो. भाव पडला की कमी होतो. रिझर्व्ह म्हणजे जो काढता येतो, परवडतो आणि काढायचं ठरलंय, तेवढाच."

मी म्हणालो, म्हणजे उद्या कोणी काढायचंच नाही ठरवलं तर? त्यावर त्याने मला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनची हकीकत सांगितली. 1959 मध्ये स्लोख्टरेन गावाजवळ गॅस लागला तेव्हा पहिला अंदाज 60 अब्ज घनमीटरचा होता. पुढे तो फुगत फुगत 2800 अब्जांच्या घरात गेला. युरोपातलं सर्वांत मोठं गॅसफील्ड. साठ वर्षं त्यावर अख्ख्या देशाच्या चुली पेटल्या. पण गॅस उपसल्यावर खालचा खडक दबला, जुन्या भेगा हलल्या आणि भूकंप व्हायला लागले. ऑगस्ट 2012 मध्ये हाउझिंगे इथे 3.6 तीव्रतेचा धक्का बसला, हजारो घरांच्या भिंतींना तडे गेले, लोक रस्त्यावर आले. ऑक्टोबर 2023 मध्ये उत्पादन थांबवलं आणि 2024 मध्ये कायदा करून फील्ड कायमचं बंद केलं.

"मग उरलाय किती?" मी विचारलं.

या प्रश्नाला पी-फिफ्टीने एका आकड्यात उत्तर दिल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. काढता येण्याजोगा सुमारे 450 अब्ज घनमीटर गॅस तिथे जमिनीखाली आजही आहे, आणि रिझर्व्ह शून्य.